पहिल्यांदा छत्तीसगडला जाताना: आधी वार बघा, मग तारीख

महाराष्ट्राला लागूनच असूनही आपल्या सहलींच्या यादीत छत्तीसगड जवळपास नसतं. हावड्याच्या गाडीने जाताना खिडकीतून डोंगरगडची टेकडी दिसते, दुर्ग-भिलाईची धुराडी दिसतात आणि आपण पुढे निघून जातो. 1 नोव्हेंबर 2000 रोजी मध्य प्रदेशातून वेगळ्या झालेल्या या राज्याची चाळीस टक्क्यांहून अधिक जमीन जंगलाखाली आहे, आणि बघण्यासारखं बरंचसं रेल्वेच्या मुख्य मार्गापासून दूर आहे. जायची खरी कारणं तीन: पाण्याने भरलेली इंद्रावती नदी, आठवडी बाजार आणि हातकाम. तिन्ही वेळेला बांधलेली आहेत. चुकीच्या महिन्यात गेलं तर धबधबा सुतासारखा दिसतो, चुकीच्या वारी गेलं तर बाजाराच्या जागी रिकामं मैदान.

हा लेख बस्तरच्या पहिल्या फेरीपुरता आहे. एकाच दौऱ्यात उत्तरेचं सरगुजा, मधलं मैदान आणि दक्षिणेचं बस्तर बसवण्याचा मोह नवख्यांना होतो. रायपूरहून अंबिकापूर उत्तरेला साधारण साडेतीनशे किलोमीटर, जगदलपूर दक्षिणेला साधारण तीनशे. दोन्ही केलं तर सुट्टी गाडीतच संपते. बस्तरला सहा दिवस द्या, बाकीचं पुढच्या वेळी.

पहिली पायरी: धबधबा हवा की गुहा?

हे आधी ठरवावं लागतं, कारण दोन्हींचा भर एका वेळी नसतो. चित्रकोटला इंद्रावती जवळपास तीस मीटर खाली कोसळते. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये घोड्याच्या नालेच्या आकाराचा अख्खा कडा पाण्याने भरून वाहतो, पण तेव्हा पाणी विटकरी रंगाचं असतं आणि खाली होडी सोडत नाहीत. त्याच वेळी कांगेर खोऱ्यातली कोटमसर गुहा बंद असते. गुहेत पावसाचं पाणी शिरतं, म्हणून वनखातं ती पावसाळ्याच्या तोंडावर बंद करतं आणि पाणी ओसरल्यावरच उघडतं.

नोव्हेंबरचा मध्य हा त्यातल्या त्यात सुवर्णमध्य. पाण्याचा गढूळपणा गेलेला असतो, धार अजून रुंद असते, गुहा सहसा उघडलेली असते. डिसेंबर-जानेवारीत हवा सगळ्यात चांगली, पण धबधबा बारीक व्हायला लागतो. फेब्रुवारीनंतर चित्रकोटसाठी जाऊ नका. इंद्रावतीचं बरंचसं पाणी वर ओडिशाच्या हद्दीत जोरा नाल्यातून शबरी नदीकडे वळतं, त्यामुळे उन्हाळ्यात कड्यावर दोन-तीन धारा उरतात. मार्च-एप्रिलला जायचंच असेल तर मोहाची फुलं आणि चिंच यांच्यासाठी जा. रानात पहाटे फुलं वेचणारी माणसं दिसतात आणि बाजारात चिंचेचे ढीग लागतात. दुपारचं ऊन मात्र सोसावं लागेल.

बस्तर दसऱ्यासाठी जाणाऱ्यांनी पंचांग सांभाळून वाचावं. हा उत्सव 75 दिवसांचा. त्यात राम-रावण नाहीत; सगळं दंतेश्वरी देवीभोवती चालतं. सुरुवात हरेली अमावस्येला, रथासाठी आणलेल्या लाकडाच्या पूजेने होते. तिकडे महिना पौर्णिमेला संपतो, त्यामुळे त्यांची श्रावण अमावस्या म्हणजे आपली आषाढ अमावस्या, दिव्यांची अवस. आपल्या कॅलेंडरवर श्रावण अमावस्या बघून तिकीट काढलं तर महिनाभर उशीर होतो. पाऊणशे दिवस कुणीच थांबत नाही. बघायचे दोन दिवस म्हणजे दसऱ्याचा ‘भीतर रैनी’ आणि दुसऱ्या दिवशीचा ‘बाहर रैनी’. पहिल्या रात्री मोठा आठ चाकी रथ ‘चोरून’ कुम्हडाकोटला नेतात आणि दुसऱ्या दिवशी मानाने परत आणतात. या दिवसांत जगदलपुरात आयत्या वेळी खोली मिळत नाही. दोन महिने आधी आरक्षण करा.

दुसरी पायरी: पोहोचायचं कसं

रायपूरपर्यंत अडचण नाही. मुंबई-हावडा मार्गावरच्या गाड्या, पुण्याहून आझाद हिंद, नागपूरहून दुपारी सुटून संध्याकाळी पोहोचवणारी बिलासपूर वंदे भारत, शिवाय विमानं. स्वतःची गाडी असेल तर नागपूरहून राष्ट्रीय महामार्ग 53 ने भंडारा, साकोली, देवरी, राजनांदगाव, दुर्ग असं साधारण तीनशे किलोमीटर.

गोंधळ रायपूरच्या पुढे होतो. नकाशात जगदलपूरला रेल्वे स्टेशन दिसतं, म्हणून लोक रायपूरहून गाडी शोधत बसतात. हे स्टेशन विशाखापट्टणमकडून अरकू, कोरापूटमार्गे किरंदुलला जाणाऱ्या मार्गावर आहे. बैलाडीलाचं लोहखनिज बंदरावर न्यायला तो बांधला. रायपूरकडून सरळ उतरणारा मार्ग रावघाटच्या बाजूने अजून पुरा व्हायचा आहे. तेव्हा रस्त्यानेच जायचं: महामार्ग 30, धमतरी, कांकेर, केशकाल घाट, कोंडागाव, जगदलपूर. बसने सहा-सात तास.

आपल्या एसटीसारखं सरकारी महामंडळ छत्तीसगडमध्ये नाही. सगळ्या बस खाजगी. रायपूरला त्या भाठागावच्या आंतरराज्य बस स्थानकावरून सुटतात, रेल्वे स्टेशनबाहेरून नाही. रात्रीच्या स्लीपर बस भरपूर आहेत आणि पहाटे जगदलपूरला सोडतात. स्वतःची गाडी असेल तर उलट सल्ला: केशकाल घाट दिवसाउजेडी चढा. वळणं फार नाहीत, पण खनिजाचे आणि मालाचे ट्रक सतत असतात. एक ट्रक वळणावर बंद पडला की दोन्हीकडे मैलभर रांग लागते. घाट कामासाठी बंद असतो तेव्हा वाहतूक दुसऱ्या रस्त्याने वळवतात. कांकेरला चहाला थांबाल तेव्हा हॉटेलवाल्याला विचारून घ्या, त्याला नकाशाच्या अ‍ॅपच्या आधी कळलेलं असतं.

विशाखापट्टणमकडून येणारी दिवसाची गाडी बोगदे आणि दऱ्यांसाठी सुंदर आहे. पण पावसाळ्यात दरडी कोसळतात आणि गाड्या रद्द होतात, म्हणून परतीचं विमान तिच्या भरवशावर ठेवू नका. जगदलपूरच्या विमानतळाचंही तेच, वेळापत्रक वरचेवर बदलतं.

तिसरी पायरी: वार जुळवा

बस्तरमध्ये आठवडी बाजाराला हाट म्हणतात. लोहंडीगुडाचा हाट शुक्रवारी, जगदलपूरचा रविवारी, तोकापालचा सोमवारी, दरभाचा बुधवारी. लोहंडीगुडा चित्रकोटच्या वाटेवर आहे, दरभा तीरथगडच्या धबधब्याच्या बाजूला. हे वार धरून आखणी केली की उलटसुलट फेऱ्या वाचतात. नमुना असा:

बुधवारी संध्याकाळी रायपूर, रात्रीची बस.

गुरुवारी पहाटे जगदलपूर. दोन तास झोप, मग कोटमसर आणि तीरथगड.

शुक्रवारी नऊच्या सुमारास निघून लोहंडीगुडाचा हाट, दुपारी चित्रकोट, मुक्काम तिथेच.

शनिवारी सकाळी लवकर निघून गीदममार्गे बारसूर आणि दंतेवाडा, रात्री जगदलपूर. हा सगळ्यात लांब दिवस, दोनशे किलोमीटरच्या वर.

रविवारी जगदलपूरचा हाट, दुपारनंतर कोंडागाव.

सोमवारी कोंडागावचे कारागीर, संध्याकाळी रायपूर.

मंगळवार हाताशी असेल तर सिरपूर.

जगदलपुरात चालकासह गाडी तीन दिवसांसाठी एकदम ठरवा. किलोमीटरवर भाव ठरवताना चालकाचा मुक्काम धरलाय का, हे स्पष्ट विचारा. शुक्रवारी चित्रकोटला यावरूनच कुरबूर होते. शक्यतो हलबी बोलणारा चालक घ्या.

हलबीबद्दल एक गंमत. ग्रियर्सनच्या भाषिक सर्वेक्षणात ही बोली मराठीखाली घातली होती. तिच्यात ओडिया आणि छत्तीसगढीही मिसळलेली आहे. ‘मोचो’, ‘तुमचो’, ‘काय’ असे शब्द कानावर पडले की आपण दचकतो. नाव सांगताना माणूस ‘मोचो नाव’ म्हणूनच सुरुवात करतो. हिंदीत अवघडलेली बाजारातली म्हातारी सावकाश बोललेल्या मराठीवर कधी कधी हसून उत्तर देते. गोंडी मात्र द्रविड कुळातली, तिथे आपला इलाज चालत नाही.

हाटात

अकराच्या आधी गेलात तर माणसं अजून वाटेवर असतात. तीननंतर गेलात तर निम्मा बाजार दारूच्या रांगेत असतो. अकरा ते दोन ही वेळ धरा. सुटे पैसे हवेत: दहा, वीस, पन्नासच्या नोटा. फोनवरून पैसे देण्याची सोय दुकानदारांकडे असते, पण डोक्यावर पाटी घेऊन दहा किलोमीटर चालत आलेल्या बाईकडे असेलच असं नाही, आणि असली तरी नेटवर्क नसतं.

काय बघायचं? मोहाची वाळलेली फुलं, त्याच्या बियांचं तेल, चारोळी, चिंच, रानातले कंद, बांबूच्या टोपल्या, मातीची मडकी. बऱ्याच गोष्टी वजनाने नाही, मापाने विकतात. एका कोपऱ्यात पानांच्या द्रोणात लाल मुंग्या आणि त्यांची पांढरी अंडी असतात. मिरची, मीठ, आलं, लसूण घालून त्यांची चटणी वाटतात, तिला चापडा म्हणतात. चव लिंबासारखी आंबट, कारण मुंग्यांच्या अंगातलं आम्ल. आधी नखभर चाखा. कीटकदंशाची किंवा झिंग्याची अॅलर्जी असेल तर अजिबात नको.

दुसऱ्या कोपऱ्यात सल्फी मिळते. ज्याला कोकणात भेरली माड म्हणतात त्या झाडाचा हा रस. सकाळचा गोड, नीरेसारखा. दिवस चढतो तसा आंबतो आणि चढतो. दुपारी तीनचा पेला सकाळचा समजून पिणारे पाहुणे संध्याकाळच्या धबधब्याला मुकतात. त्यापेक्षा मंडिया पेज प्या. नाचणीची आंबील आपल्याला नवी नाही, आणि उन्हात तिच्याइतकं चांगलं काही नाही.

कॅमेऱ्याची शिस्त पाळायला हवी. गोंदलेल्या चेहऱ्याच्या बायकांचे, दागिन्यांचे फोटो चोरून काढू नका. आधी वस्तू घ्या, दोन शब्द बोला, मग विचारा. नकार आला तर विषय संपला. कोंबड्यांच्या झुंजीभोवती पैजा लागलेल्या असतात, तिथे कॅमेरा बाहेर काढणं म्हणजे भांडण ओढवून घेणं. आणि कुणी गाइड ‘घोटुल दाखवतो’ म्हणाला तर नको म्हणा. मुरिया आदिवासींच्या तरुण मुलामुलींची ती परंपरागत जागा, प्रदर्शनाची वस्तू नाही.

कोटमसर, तीरथगड, चित्रकोट

सकाळी आधी गुहा, मग तीरथगड. गुहेत जायला तोंडच अरुंद आहे. वाकून, अंग आकसून उतरावं लागतं. वनखात्याच्या नाक्यावर तिकीट, सोबत दिवा घेतलेला वाटाड्या, तोही बंधनकारक. आत दमट आणि गरम असतं, हवा जड वाटते. दमा, गुडघेदुखी किंवा बंद जागेची भीती असणाऱ्यांनी बाहेर बसून चहा घ्यावा. सपाट तळव्याच्या चपला नकोत. खालची माती साबणासारखी होते.

लवणस्तंभांना हात लावू नका, असं वाटाडे सांगतात त्याला कारण आहे. छतातून झिरपणाऱ्या पाण्यातला चुना थर थर साठून हे खांब वाढतात. हाताचं तेल लागलं की त्या जागी थर बसत नाही आणि दगड काळा पडतो. खालच्या डबक्यांत बोटाएवढेही नसलेले फिकट मासे असतात. अंधारात पिढ्या गेल्याने त्यांचे डोळे जवळपास निकामी आहेत. दिव्याचा झोत त्यांच्यावर रोखून धरू नका.

हे सगळं कांगेर खोरे राष्ट्रीय उद्यानात येतं, 1982 पासून राष्ट्रीय उद्यान, 200 चौरस किलोमीटर. वाघ दिसेल या आशेने येऊ नका. इथला मान पहाडी मैनेचा, ती राज्यपक्षी आहे, आणि तिच्यासाठी पहाटे यावं लागतं.

तीरथगड चित्रकोटच्या उलट: रुंदी कमी, उंची खूप, पाणी टप्प्याटप्प्याने खाली येतं. तळाशी जायला लांबलचक पायऱ्या आहेत. शेवळामुळे घसरण्याचे प्रकार उतरताना होतात. माकडं पिशवी ओढतात, म्हणून खाऊ गाडीत ठेवा.

चित्रकोटला दुपारी पोहोचून संध्याकाळी निघून जाणं ही सगळ्यात मोठी चूक. सकाळी सहा ते आठ माणसं नसतात, आणि काठावर उभं राहिलं की पाण्याचा आवाज तळपायातून जाणवतो. काठालाच पर्यटन मंडळाचं निवासस्थान आहे. शनिवार-रविवार आधीच भरतं, हेही शुक्रवार धरण्याचं एक कारण. पाणी उतरल्यावर स्थानिक नावाडी खालून धबधब्याजवळ होडी नेतात. लाइफ जॅकेट मागून घ्या, फोन प्लास्टिकच्या पिशवीत. वरच्या खडकावर, धारेच्या कडेला, सेल्फीसाठी जाऊ नका. तिथला दगड कोरडा दिसला तरी तुषारांनी ओला असतो, आणि कठडा सगळीकडे नाही.

दंतेवाडा आणि बारसूर

बारसूर आधी, दंतेवाडा नंतर. बारसूर आज लहान गाव आहे, पण छिंदक नागवंशी राजांच्या काळातली देवळं तिथे विखुरलेली आहेत: बत्तीस खांबांचं बत्तीसा मंदिर, शिखर शाबूत असलेलं मामा-भांजा मंदिर, आणि शेजारी शेजारी बसलेले दोन भलेमोठे दगडी गणपती. दीड तास पुरतो.

दंतेवाड्याचं दंतेश्वरी मंदिर शंखिनी-डंकिनीच्या संगमावर आहे. पुरुषांना धोतर किंवा लुंगी नेसूनच आत सोडतात, पँटवर नाही. देवळात मिळते, पण पिशवीत स्वतःची असलेली बरी.

आता सुरक्षिततेचा प्रश्न, जो घरचे आधी विचारतात. जगदलपूर, चित्रकोट, तीरथगड, कोंडागाव, दंतेवाडा या रस्त्यांवर सहली वर्षानुवर्षं चालू आहेत आणि माओवाद्यांचा जोर पूर्वीपेक्षा खूप ओसरला आहे. तरी सुकमा, बिजापूर, अबुझमाड यांच्या आतल्या रस्त्यांवर ‘तिकडे एक अनोळखी धबधबा आहे’ म्हणून स्वतःहून शिरू नका. अंधार पडायच्या आत मुक्कामी या. सुरक्षा दलांचे तळ, पोलीस ठाणी, पूल, खाणी यांचे फोटो काढू नका. ड्रोन घरी ठेवा. आडवाटेला जायचंच असेल, ढोलकलच्या डोंगरावरचा गणपती बघायचा असेल, तर फरसपालहून स्थानिक वाटाड्या घ्या आणि सकाळी निघून दुपारी उतरा.

कोंडागाव: काय घ्यायचं, कसं ओळखायचं

इथे अर्धा दिवस नाही, पुरी सकाळ द्या. घडवा समाजाचे कारागीर ढोकरा काम करतात. आधी मातीचा गाभा. त्यावर मधमाशीच्या मेणाची दोऱ्यासारखी बारीक तार, जवळजवळ, एकालगत एक गुंडाळत जातात. डोळे, दागिने, नक्षी सगळं त्याच तारेचं. मग बारीक मातीचा लेप, वर जाड मातीचा थर, एक वाट मोकळी. भट्टीत मेण वितळून निघून जातं आणि त्याने रिकामी केलेल्या जागेत पितळेचा रस भरतो. थंड झाल्यावर साचा फोडावाच लागतो. म्हणून एका साच्यातून एकच मूर्ती.

खऱ्याची पारख यातूनच निघते. शेजारी ठेवलेले दोन हत्ती तंतोतंत सारखे असतील तर ते कारखान्यातले. अंगावर मेणाच्या तारेच्या रेषा बोटाला लागायला हव्यात. दोन अर्ध्यांच्या जोडाची शिवण दिसली तर नको. वस्तू उलटी करून बघा, तळाशी किंवा एखाद्या भोकात भाजलेली माती दिसते. गाभ्याची माती बऱ्याचदा आतच असते, त्यामुळे जड वस्तूत सगळंच पितळ असेल असं नाही. भाव वजनावर आणि कामाच्या बारकाईवर ठरतो. घासाघीस थोडी चालते, पण निम्म्यावर मागणं शोभत नाही, एका वीतभर मूर्तीमागे कित्येक दिवसांचं काम असतं. खरेदी विमानाने नेणार असाल तर सामानात द्या, हातात नको. टोकदार लोखंडी वस्तू तपासणीत अडतात.

लोखंडाचं कामही घ्या. भंगारातला लोखंडी तुकडा तापवून ठोकत ठोकत दिवा, हरीण, वादक घडवतात. घरी आणल्यावर पावसाळ्याआधी तेलाचा हात फिरवा, नाहीतर गंज धरतो.

परतीची वाट

मंगळवारी रायपूरहून सिरपूर, महानदीकाठी, साधारण 80 किलोमीटर. सातव्या शतकातलं लक्ष्मण मंदिर विटांचं आहे, फक्त दरवाजाची चौकट दगडी. विटा इतक्या घासून बसवल्यात की सांध्यात नखही शिरत नाही. बौद्ध विहारांचे अवशेष शेजारीच. सावली कमी, पाणी आणि टोपी न्या.

पुढच्या फेरीसाठी उत्तर राखून ठेवा: तिबेटी वसाहतीचं मैनपाट आणि प्राचीन ब्राह्मी लेख असलेली रामगडची जोगीमारा गुहा. मेघदूतातला रामगिरी तो हाच, असं तिथले लोक ठासून सांगतात. रामटेककरांनी ऐकून घ्यावं आणि वाद घालू नये. बिलासपूरजवळच्या रतनपूरला नागपूरच्या भोसल्यांचे बिंबाजी राहून राज्य करत होते, तेही त्याच फेरीत.

निघण्याआधीचं शेवटचं काम डॉक्टरांकडचं. बस्तरमध्ये मलेरिया आहे आणि त्यात फाल्सिपेरम हा घातक प्रकारही आहे. प्रतिबंधक गोळ्या घ्यायच्या का, ते दोन आठवडे आधी विचारा; तिथे संध्याकाळनंतर पूर्ण बाह्या, मलम, मच्छरदाणी. परत आल्यावर महिनाभरात ताप आला तर ‘व्हायरल असेल’ म्हणून थांबू नका. त्याच दिवशी रक्त तपासा आणि बस्तरला जाऊन आल्याचं डॉक्टरांना स्वतःहून सांगा. शहरातल्या डॉक्टरांच्या ते आपणहून लक्षात येत नाही.